मदत हवी आहे: पहाटे साडेपाचला पेपर वाचू की पळू?

नमस्कार मंडळी,

हा धागा आरोग्यात टाकू की विज्ञानात, ते कळेना, म्हणून इथे टाकतेय. मी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पोस्टडॉक आहे, विषय पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठराविक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे. पळते ती निव्वळ हौस म्हणून. जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन (२१.१ किमी) आहे. वेगाबद्दल विचारू नका, पेडर रोडचा चढ न चालता पार झाला तरी पेढे वाटीन.

'लवकर उठा' हा सल्ला देणार असाल तर आधी पुढचं वाचा. आमच्या विषयातले नवे पेपर (शोधनिबंध) जर्नलमध्ये छापून येण्याआधीच आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर चढतात. त्यांची रोजची यादी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला लागते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात बरोबर पहाटे साडेपाच, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसहा. सोमवार ते शुक्रवार. बुटांच्या नाड्या बांधायची वेळ आणि यादी यायची वेळ एकच! 'नुसती शीर्षकं बघते' म्हणून फोन उघडला की संपलंच. सातनंतर विद्यापीठ चौकाच्या आसपास पळणं म्हणजे धूर पिणं.

आधी पळून मग वाचलं तर? लाँग रननंतर डोळे उघडे असतात, डोकं मिटलेलं. पेपर वाचणं म्हणजे पेपर चाळणं नाही हो. सारांश वाचायचा, मग थेट आलेखांवर जायचं, मग तक्ते. पल्सारच्या स्पंदांना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे उशीर होतो, आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण काळानुसार बदलतंही. तो बदल लेखकांनी कसा धरलाय यावर अख्खा निष्कर्ष इकडचा तिकडे होऊ शकतो, आणि ती माहिती बहुतेक वेळा परिशिष्टातल्या एखाद्या तक्त्यात बारीक अक्षरात दडलेली असते. तिथे बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघावी लागते. २०२३च्या जूनमध्ये पल्सारच्या स्पंदांच्या वेळा मोजून गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे (विश्वभर पसरलेल्या, अवकाशालाच ताणणाऱ्या लहरींच्या गुणगुणीचे) पुरावे जाहीर झाले (युरोपीय गटाच्या निकालात आपल्या भारतीय गटाचाही डेटा होता), तेव्हापासून या विषयात पेपरांचा पूर आहे.

कानात पेपर लावून पळूनही पाहिलं. मशीन एका पल्सारचं नाव 'जे एक हजार सातशे तेरा अधिक शून्य सात चार सात' असं तालात म्हणतं आणि आलेख आला की सरळ पुढच्या परिच्छेदावर उडी मारतं. समीकरणांबद्दल तर बोलायलाच नको.

त्यात निरीक्षणं. जीएमआरटी या आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास पसरल्यात. रेडिओ दुर्बिणीला दिवस-रात्र सारखीच, त्यामुळे वेळ कुठलीही मिळते. शिवाय तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. वर सांगितलेला पल्सार ऑगस्टात रात्री आठच्या सुमारास सर्वात उंच असतो, जानेवारीत सकाळी दहाला. म्हणजे ड्युटी वर्षभर घड्याळभर फिरते. खोडदला मुक्काम असला की वाटतं, काय सुंदर मोकळे रस्ते! पण जुन्नर तालुका, दोन्हीकडे ऊस, उसात बिबटे. गेटवरचे काका ठाम असतात, "मॅडम, उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही."

तर प्रश्न असा. ज्यांचं काम मुळात वाचनाचं आहे आणि शिवाय ड्युटी फिरती आहे, ते ताजं डोकं कशाला देतात? संध्याकाळी पळून अर्धमॅरेथॉनची तयारी होते का?

टेकडीकर: होते की! सोपे रन कधीही करा, संध्याकाळी सातला केलेत तरी पायांना फरक पडत नाही. आठवड्यातला एक जोराचा आणि एक लांबचा, एवढेच सकाळी ठेवा. लांबचा सकाळीच हवा, कारण मुंबईची अर्धमॅरेथॉन पहाटे सुटते आणि पोटाला त्या वेळेची सवय लागते. वेताळ टेकडीवर मात्र अंधार पडल्यावर एकटीने नको.

रात्रपाळी: मी आयसीयूत नर्स आहे. ताई, घड्याळाला बांधून घेऊ नका, झोपेला बांधा. झोप झाली की खाऊन तासाभराने पळायचं, मग दुपारचे चार वाजले असोत की सकाळचे दहा. आणि रात्र जागून काढल्यावर जोराचं काही करू नका, दुखापती तेव्हाच होतात.

निवृत्त मास्तर: आयुष्यभर गणित शिकवलं. यादी पळून जात नाही, आठवड्याची एकत्र दिसते. मंगळवार आणि शुक्रवार दुपार वाचनाची म्हणून कुलूप लावून ठेवा. रोज यादी बघणं हे निम्मं वाचन आणि निम्मी धास्ती.

धागाकर्ती: मास्तर, धास्तीचं खरंय, पण कोणी आपलाच प्रश्न आधी सोडवून टाकला तर, ही भीती आमच्याकडे पोकळ नाही. शिवाय ग्रुपमध्ये अकराच्या चहाला त्या दिवशीच्याच पेपरांवर बोलणं होतं. तरी आमच्यातल्या चौघांनी यादीतले पोटविभाग वाटून घेतले तर मला एकच बघावा लागेल. उद्या विचारते.

टेकडीकर, शनिवार-रविवारी यादी लागतच नाही, त्यामुळे लांबचा रन शनिवारी पक्का. जोराचा बुधवारी ठेवते आणि त्या दिवशी फोन घरी. रात्रपाळी, झोपेचं पटलं. पण एक सांगा, रात्री दोन ते सकाळी आठ निरीक्षण असेल तर आदल्या संध्याकाळी पळावं की झोपून काढावी? आणि खोडदच्या मुक्कामात आवारातल्या आवारात फेऱ्या मारून लांबचा रन केलेलं कोणी आहे का इथे? कंटाळा कसा घालवलात तेवढं सांगा.