‘तापट’ म्हणून बदनाम असलेल्या जातींची कुत्री सांभाळताना: अनुभव धागा

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. त्या सुमारास पुण्यातल्या आमच्या घरी रॉटवायलर येऊन दीड वर्ष झाले होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवले. परंतु आम्हाला पाहून लिफ्ट सोडणारे शेजारी अजूनही जिन्यानेच जातात, आणि त्यांना मी दोष देत नाही. लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने घरातल्या वृद्धेचा जीव घेतला होता. पॉमेरेनियनही चावतो, कित्येकदा जास्तच चावतो. मात्र त्याच्या चाव्यावर मलमपट्टी पुरते, आणि पन्नास किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. “सगळे संस्कारांवर असते” असे म्हणणारे हा फरक विसरतात.

आमचा शेरा चार वर्षांचा असताना आला. आधीच्या कुटुंबात बाळ जन्मल्यावर त्याची रवानगी गच्चीवर झाली होती. तो कोणाला चावला आहे का, हा प्रश्न मी तीनदा विचारला, तेव्हा कुठे तिसऱ्या फोनवर कळले की खाताना भांडे उचलणाऱ्या ड्रायव्हरचा हात त्याने धरला होता. हे कळल्यानंतरही आम्ही त्याला आणले, पण तयारी करून आणले. पहिले तीन आठवडे एकही पाहुणा नाही, जेवण वेगळ्या खोलीत दार लावून, आणि घरकामाच्या मावशी असेपर्यंत तो आतल्या खोलीत. दुसऱ्या आठवड्यात झाडू उचलताच तो गुरगुरला आणि मी त्याच्यावर ओरडले, ही माझी मोठी चूक. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. त्यासाठी मार किंवा ओरडा खाल्लेले कुत्रे सूचना देणे सोडते आणि थेट चावते, हे प्रशिक्षकाने समजावल्यावर आम्ही झाडू लांबूनच दाखवून खाऊ देऊ लागलो. झाडू हातात घेऊन त्याच्या शेजारून जायला पाच महिने लागले.

आपला कुत्रा किती गोड आहे हे कृपया लिहू नये. ते आम्हाला ठाऊक आहे. काय चुकले आणि मग काय केले, ते लिहावे.

नाशिक, पशुवैद्यक

दवाखान्यात येणारे लोक पिल्लाची किंमत सांगतात. दिवसातला किती वेळ त्याला देणार, हे मला विचारून घ्यावे लागते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग कसे आहे हे शिकते. मुले, छत्र्या, रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी हे सारे त्या काळात भीती न वाटता समोर आले पाहिजे. प्रत्यक्षात पिल्लू पस्तीस दिवसांचे असतानाच आईपासून तोडून विकले जाते (२०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही), आणि मग पार्व्होच्या (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या) भीतीने लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडले जाते. पार्व्होची भीती रास्तच आहे; म्हणून जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवावे. मझलबद्दलही (कुत्र्याच्या तोंडाला लावायच्या मुसक्याबद्दलही) एक सांगतो: तोंड आवळून टाकणारी कापडी पट्टी फिरायला नेताना वापरू नये, कारण कुत्र्याला धापा टाकता आल्या नाहीत तर आपल्याकडच्या उन्हात ते दगावू शकते. जाळीच्या मझलमधून त्याला पाणीही पिता येते.

सांगली जिल्हा, मळ्यात राहणारा

आमच्याकडचा पिटबुलच्या वळणाचा होता, कागदपत्रे कसलीच नव्हती. दिवसभर साखळीला बांधायचा आणि रात्री राखणीला सोडायचा, ही वडिलांची जुनी पद्धत; गावठी कुत्र्यांच्या बाबतीत ती खपून गेली होती. दीड वर्षाचा झाल्यावर एका संध्याकाळी साखळीची कडी निसटली आणि त्याने पाणी धरायला आलेल्या गड्याचा दंड फोडला. रेबीजची इंजेक्शने, टाके आणि दोन महिन्यांची मजुरी आम्ही दिली. वडील स्वतः त्याच्या घरी जाऊन बसून आले, आणि परतल्यावर त्यांनी साखळी विहिरीत टाकली. अशा निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे आम्हाला नंतर कळले. आता सहा फुटी जाळीचे कुंपण आहे, दोन दारे आहेत, नसबंदी झाली आहे आणि सकाळ-संध्याकाळ तासभर मी त्याला पट्ट्यावर फिरवतो. नसबंदीने तो गरीब झाला, असे मात्र नाही. परक्यांशी तो कधीच जुळवून घेणार नाही, हे आम्ही मान्य केले आहे.

ठाणे, पार्सल पोहोचवणारा

कुत्रा पाळत नाही, तरी लिहितो. “काही करत नाही तो” असे मालक दार उघडता उघडता म्हणतात, तेव्हा माझ्या एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात फोन असतो. आधी कुत्र्याला आत बांधावे आणि मग दार उघडावे, एवढीच विनंती आहे.

लेस्टर, इंग्लंड

इथे १९९१ च्या कायद्याने पिटबुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांच्यावर बंदी आहेच. त्यात एक्सएल बुली या पिटबुलच्या वळणाच्या, पण आकाराने मोठ्या कुत्र्यांची भर पडली. आम्ही २०२३ च्या शरद ऋतूत निवाऱ्यातल्या अशाच एका कुत्रीला दोनदा भेटून आलो होतो. ३१ डिसेंबरपासून तिला दत्तक देणेच बेकायदा ठरले. ज्यांच्याकडे असा कुत्रा आधीपासून होता, त्यांना सूट मिळाली, पण नसबंदी, मायक्रोचिप, विमा आणि बाहेर नेताना मझल या अटींवर. या अटी मला योग्य वाटतात. ती कुत्री मात्र आमच्या घरी आली नाही.

डोंबिवली

आम्ही डॉबरमन परत दिला, त्यामुळे येथे लिहावे की नाही, हे ठरवायला वेळ लागला. दोघांची नोकरी, लोकलचा प्रवास आणि वन बीएचके असताना वर्षाच्या त्या कुत्र्याला आम्ही दहा तास एकटा ठेवत होतो. त्याने दार कुरतडले, मग स्वतःचा पाय कुरतडला, आणि शेवटी सासूबाईंच्या अंगावर धावून गेला. नवे घर शोधताना माझ्या एका नातेवाइकाने सुचवले की धावून गेल्याचे सांगू नका, कोणी घेणार नाही. मी तारखांसह सगळे दोन पानांवर लिहून काढले. चार जणांनी ते वाचून नकार दिला. पाचवे साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार होते, त्यांनी ती पाने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि एवढेच विचारले, “सकाळी किती वाजता उठतो हा?”