मदत हवी आहे: १९६९ च्या ले मान्स गाडीची 'जज' करतोय, 'द जज'चं स्टिकर लावू का नको?

नमस्कार मंडळी, धागा लांबणारे, आधीच माफी मागतो. डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, पोटासाठी सॉफ्टवेअर, गाड्यांचं शिक्षण शून्य पण खाज भरपूर.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या गॅरेजमधली १९६९ ची पॉन्टिअॅक ले मान्स घेतली. टू डोअर हार्डटॉप, ३५० क्युबिक इंचाचं व्हीएट (आठ सिलिंडरचं) इंजिन, ऑटोमॅटिक, फिकट हिरवा रंग. वरून झक्कास दिसत होती, मग डिकीतली रबरी मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर पापडातून गेल्यासारखा आरपार, भोकातून खालची फरशी दिसली! मागच्या काचेखालच्या पन्हळीत पाणी साचतं आणि गळत गळत डिकीत उतरतं, हे या गाड्यांचं जुनं दुखणं, त्यात इकडे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ. असो. डिकीला नवा पत्रा बसवला, मागच्या चाकांमागे तुकडे वेल्ड केले, लांबी (पुट्टी) शक्य तितकी कमी भरलीये.

आता मूळ मुद्दा. मला हिची जीटीओ 'जज' करायचीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीटीओ म्हणजे ले मान्सचीच जास्त ताकदीची बहीण, आणि जज म्हणजे त्या जीटीओवरचं ३३२ डॉलरचं पॅकेज: ४०० क्युबिक इंचाचं (६.६ लिटर) रॅम एअर ३ इंजिन, ३६६ हॉर्सपॉवर, मागे हा भला मोठा विंग, अंगावर पट्टे, हर्स्टचा टी हँडलवाला गिअर, आणि रॅली टू चाकं तीही बाहेरच्या चकचकीत रिंगांशिवाय (पैसे जास्त आणि रिंगा गायब, हे मला आजवर कळलेलं नाही). १९६९ मध्ये सगळ्या मिळून ६,८३३ निघाल्या, त्यामुळे खरीची किंमत ऐकूनच घरी येतो आपण.

मग मी सुटं ४०० इंजिन शोधलं. विकणारा म्हणाला ओरिजिनल रॅम एअर आहे, ब्लॉकवर डब्ल्यूएस कोड (रॅम एअर इंजिनाची ओळख) आहे बघा. होता कोड. घरी आणून डिग्रीझर मारल्यावर दिसलं की तेवढ्याच जागी ग्राइंडर फिरवून अक्षरं नव्याने ठोकलीत, डब्ल्यू सरळ आणि एस जरा कलंडलेला. ब्लॉक ४०० चाच आहे, पण डब्ल्यूएस नाही. जे जास्तीचे पैसे गेले ते गेले. हेड्स (सिलिंडरवरची झाकणं) मात्र खरंच रॅम एअरची, ४८ नंबरची निघाली.

प्रश्न दोन आहेत.

एक, ४८ ची हेड्स म्हणजे कॉम्प्रेशन १०.७५, आणि इथे पंपावर जास्तीत जास्त ९३ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, एवढ्या कॉम्प्रेशनला ते कमी पडतं. मित्राच्या इंजिन टेस्ट स्टँडवर चालवून बघितलं तर लोड दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेऊन भागेल का?

दोन, बायको म्हणते तुला खोटा शिक्का मारून इंजिन विकलं म्हणून चार दिवस जेवला नाहीस आणि आता तूच गाडीवर 'द जज' लिहिणार? यावर माझ्याकडे उत्तर नाहीये. तुमच्याकडे असेल तर द्या.

कार्ब्युरेटरकाका: टायमिंग मागे घेऊन आवाज थांबेल पण ताकदही जाईल आणि इंजिन तापेल, ते काही औषध नव्हे. त्या काळी शिसं घातलेलं हाय ऑक्टेन पेट्रोल मिळायचं, त्या हिशोबाने कॉम्प्रेशन ठेवलेलं. इंजिन उघडलंच आहेस तर डिश असलेले (वरून खोलगट) पिस्टन टाक, साडेनऊच्या आत आण, लोखंडी हेडला तेच बरं. आणि ३५० चा ब्लॉक विकू नकोस. बाहेरून दोन्ही एकाच मापाचे असतात, बदलाबदल कधीही करता येते.

पुणेरी_पिस्टन: दादा, लपवणार कुठे? डॅशवरचा चॅसी नंबर काचेतून दिसतो. २४२ ने सुरू झाला तर जीटीओ, २३७ म्हणजे ले मान्स. जाणकार माणूस आधी तिथेच वाकून बघतो. ती पट्टी तेवढी हलवू नका, फेडरल गुन्हा आहे तो. बाकी स्टिकरच आहे हो.

कार्ब्युरेटरकाका: आणि खऱ्याखोट्याचं म्हणाल तर १९६४ ची पहिली जीटीओ म्हणजे तरी काय, ले मान्सवरचं तीनशे डॉलरच्या आतलं ऑप्शन पॅकेज. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांच्या वर इंजिन नको असा जनरल मोटर्सचा नियम, तो चुकवायला ३८९ 'ऑप्शन' म्हणून घातलं. स्वतंत्र मॉडेल झाली ती १९६६ ला. सुनबाईंना हे सांग.

धागाकर्ता: काका, सांगितलं. "ते कंपनीने केलं, तू कंपनी आहेस का?" असं आलं पलीकडून. पिस्टन मागवलेत.

स्टिकरचं असं ठरवलंय की पट्टे, विंग, चाकं सगळं लावायचं, 'द जज' पण लावायचं, पण टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) ले मान्स आहे ते आहेच आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) उभी केली की काचेमागे पुठ्ठा ठेवायचा, 'जन्माने ले मान्स, २३७'. ब्लॉकवरचा तो कलंडलेला एस मात्र घासून टाकला.

अजून एक. काल आजी गाडी बघायला आल्या होत्या, पहिली चक्कर त्यांनाच मारून आणायचं कबूल केलंय, तर म्हणाल्या रंग हिरवाच ठेवशील ना? पहिल्या २,००० जज कॅरोसेल रेडमध्ये होत्या (नाव रेड, आहे चक्क नारिंगी) पण नंतर दुसरे रंगही मिळायचे, म्हणजे अडचण काही नाही. फक्त कॅरोसेल रेडचे दोन गॅलन गॅरेजमध्ये पडून आहेत, डबे फोडलेले नाहीत. मिशिगनमध्ये कुणाला हवेत का?