मदत हवी आहे: 'बाय' आणि 'टिल', दोन्ही 'पर्यंत'च ना?

मंडळी, इंग्रजी पक्कं असणाऱ्या कोणीतरी माझा हा गुंता सोडवा. तारकर्लीजवळ आमचं छोटं न्याहारी निवास आहे, तीनच खोल्या, आणि पाहुण्यांना इंग्रजीत मेसेज करायचं काम माझ्याकडे. गेल्या आठवड्यात बंगळुरूचं एक जोडपं उतरलेलं, त्यांना मी लिहिलं 'डिनर विल बी रेडी टिल एट'. मला म्हणायचं होतं आठपर्यंत जेवण तयार होईल. ती बिचारी सूर्य बुडायच्या आधीच किनाऱ्यावरून पळत आली, पाय वाळूने भरलेले, आणि सातच्या ठोक्याला येऊन बसली, म्हणे आठनंतर मिळणार नाही ना! इकडे सुरमईला नुकतं आगळ-मीठ चोळून ठेवलेलं, भातही चढवला नव्हता. आमचे हे म्हणतात, 'आठपर्यंत म्हणजे आठपर्यंत, ह्यात काय कळूचा नाय?'

मुलाने सांगितलं इथे 'बाय एट' हवं होतं. मग मी एक युक्ती काढली, 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसलं तर बाय, आणि काम तोवर चालूच राहणार असेल तर टिल. म्हणजे 'साडेसहापर्यंत उठते' ला बाय, 'साडेसहापर्यंत झोपते' ला टिल. बरोबर आहे का हे? कारण नकार आला की माझी युक्ती गडबडते. 'होडी पाचपर्यंत येणार नाही' हे टिलने म्हटलं तर पाचला येईल असं वाटतं, बायने म्हटलं तर पाचच्या आत काही पोचत नाही, पुढचं देव जाणे. मराठीत दोन्हीला वाक्य एकच!

दुसरं, 'तो येईपर्यंत थांबा' ला 'टिल ही कम्स' होतं, तिथे 'विल' घालायचं नाही एवढं शाळेतलं आठवतंय. पण 'तो येईपर्यंत जेवण झालेलं असेल' ला नुसतं बाय चालत नाही, 'बाय द टाइम ही कम्स' लागतं म्हणे. असं का?

बाकी बाय तर काय, मिळेल तिथे घुसतो. आमच्या पाटीवर 'बाय द सी' आहे, देवगडला भाचा आंबे 'बाय द डझन' विकतो, पण बसने यायचं तर 'बाय बस', तिथे 'द' गायब. आणि भाडं 800 वरून 1000 केलं तर वाढ 'बाय 200', चुकून 'टू 200' लिहिलं तर पाहुणे दोनशेतच राहायला येतील. टिलचा गल्ला आणि नांगरणं असाही अर्थ डिक्शनरीत सापडला, तो आपण सोडून देऊ.

सोमवारी नवीन पाटी पेंटरकडे द्यायची आहे. दोनच ओळी आहेत: खोली अकराच्या आत सोडावी, आणि नाष्टा दहापर्यंत मिळेल. पहिलीला बाय, दुसरीला टिल, असंच ना? कोणीतरी नक्की सांगा, रंग एकदा लागला की परत पैसे.