'बिविच्ड'मधली समांथा, म्हणजे एलिझाबेथ माँटगोमेरी: माहिती हवी आहे

राजेंद्रनगरची वहिनी, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एकजण एखाद्या कलावंतावर बोलते. हंसा वाडकर झाल्या, दुर्गाबाई खोटे झाल्या, सुलोचनादीदी तर दोनदा झाल्या. पुढची पाळी माझी. मी नाव दिलं एलिझाबेथ माँटगोमेरी, तर सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मग म्हटलं, अगं ती नाक हलवून जादू करणारी, सोनीवरची! तेव्हा कुठे निम्म्या जणींना आठवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या दशकात सोनी वाहिनी नवीन होती, तेव्हा 'बिविच्ड' हिंदीत डब होऊन लागायची. समांथा नावाची चेटकीण जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या डॅरिनशी लग्न करते आणि नवऱ्याची अट अशी, की घरात जादू करायची नाही, चारचौघींसारखा संसार करायचा. आमच्या सासूबाई पोळपाट-लाटणं घेऊन थेट टीव्हीसमोर बसायच्या. डॅरिन रागावला की लाटणं जागच्या जागी थांबायचं आणि त्या म्हणायच्या, "एवढी विद्या अंगात असून भांडी घासते, आणि हा मेला वर तोंड करून बोलतो!" तिकडे तव्यावरची पोळी करपायची. समांथाची आई एंडोरा जावयाला मुद्दाम चुकीच्या नावाने हाक मारायची, त्यावर तर आमच्या घरात टाळ्या पडत. ह्यांना बातम्या लावायच्या असायच्या, पण आईपुढे काय बोलणार?

तर मंडळातल्या एका ताईंनी मला आधीच ऐकवलंय, "एका सिरियलची बाई ती. पाच मिनिटांत आटपेल तुझं." मला ते झोंबलं. खरंच एवढंच होतं का तिचं? मधेच नवरा बदलला तो का? पुढे तिने काय केलं? आणि ते नाक कसं हलवायची, हे तर सांगाच. आमच्या मुलीने आरशासमोर तासन् तास घालवले, जमलं नाही.

---

विंगेतला माणूस, लोकमान्यनगर

वहिनी, नाकाचं मी सांगतो. हलायचा तो वरचा ओठ. तो डावी-उजवीकडे झटकन फिरवला की नाक आपोआप मागे येतं. मुळात ती तिची सवय होती. दिग्दर्शक विल्यम ॲशर, जो तेव्हा तिचा नवराही होता, त्याच्या ते नजरेत भरलं आणि त्याने मालिकेत घेतलं. वर एक टणटण आवाज जोडला, झाली जादू. मुलीला सांगा, नाक विसर, ओठावर मेहनत घे.

बाकीची जादू माझ्या धंद्यातली म्हणून जरा सविस्तर लिहितो. तेव्हा कंप्युटर कुठला! समांथाने हात उचलला की कॅमेरा बंद. सगळे नट आहेत तिथे पुतळ्यासारखे उभे. डोळे त्याच जागी, हातातला कप त्याच उंचीवर. मंचसाहाय्यक धावत येऊन पसारा उचलणार, टेबल मांडणार, बाहेर पळणार, की कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर एका क्षणात घर लख्ख! वस्तू उडवायच्या तर बारीक तारा. ही जादू म्हणजे नटाची शिस्त आहे हो. डोकं दोन बोटं जरी हललं तरी पडद्यावर उडी दिसते. मी इंदुरात हौशी नाटकांना लाइट करतो. आमच्याकडे देव प्रकट व्हायचे तर ब्लॅकआउट, आणि त्या तेवढ्या अंधारातही कोणीतरी खुर्चीला अडखळतो. ही मंडळी भर उजेडात आठ वर्षं हे करत होती.

नवरा बदलला कारण पहिला डॅरिन, डिक यॉर्क, याची पाठ. १९५९ च्या एका चित्रपटाच्या शूटिंगमध्ये त्याच्या पाठीला जबर इजा झाली होती, ती पुढे वाढतच गेली. शेवटी सेटवर कोसळला, दवाखान्यात न्यावं लागलं. १९६९ पासून डिक सार्जंट आला. कथेत त्याबद्दल चकार शब्द नाही. सकाळी एक नवरा, संध्याकाळी दुसरा, आणि शेजारणीलाही पत्ता नाही!

---

जुनी कॅसेट

वहिनी, पाच मिनिटं म्हणणाऱ्या ताईंना पहिल्या रांगेत बसवा.

जन्म १५ एप्रिल १९३३, लॉस एंजेलिस. वडील रॉबर्ट माँटगोमेरी हॉलिवुडचे मोठे नट, ऑस्करसाठी दोनदा नामांकन झालेले. आई ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची नटी. १९५१ मध्ये टीव्हीवर पहिलं काम केलं ते वडिलांच्याच कार्यक्रमात. तेव्हा वशिल्याची म्हणून नाकं मुरडली गेली असणारच, पण 'दि अनटचेबल्स' मालिकेच्या १९६० च्या एका भागासाठी तिला एमीचं, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या मानाच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं ते स्वतःच्या जिवावर. 'दि ट्वायलाइट झोन' मालिकेचा १९६१ चा 'टू' हा भाग मिळाला तर नक्की बघा. युद्धानंतरचं ओसाड गाव, दोनच माणसं, ती आणि चार्ल्स ब्रॉन्सन, आणि तिच्या तोंडी जवळजवळ शब्दच नाहीत. पंचवीसेक मिनिटं नुसत्या डोळ्यांवर धरून ठेवते.

'बिविच्ड' १७ सप्टेंबर १९६४ ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली, १९७२ पर्यंत चालली, २५४ भाग. पहिली दोन वर्षं कृष्णधवल. समांथाची काळ्या केसांची वाह्यात चुलतबहीण सेरेना आठवते? तीही हीच. श्रेयनामावलीत पुढे पुढे सेरेनासाठी 'पँडोरा स्पॉक्स' असं खोटं नाव द्यायचे. मला विचाराल तर तिचा खरा आनंद सेरेनात दिसतो. मुलं तीन, आणि त्यातली दोन गरोदरपणं कथेतच घेतली, म्हणून समांथाची मुलं टॅबिथा आणि ॲडम. लगेच पुढच्या वर्षी स्पर्धेत आलेल्या 'आय ड्रीम ऑफ जिनी'त बार्बरा ईडन गरोदर होती तर तिला ओढण्यांमागे लपवलं. एकाच काळातल्या दोन मालिका!

आता मला डाचणारी गोष्ट. या मालिकेला एमी मिळाले तीन. शेजारणीचं काम करणाऱ्या ॲलिस पिअर्सला आणि क्लारा मावशी झालेल्या मॅरियन लॉर्नला, दोघींनाही मृत्यूनंतर. तिसरा दिग्दर्शनासाठी ॲशरला. जिच्या ओठावर सगळा डोलारा उभा होता तिला पाच वेळा नामांकन आणि एकदाही नाही. आयुष्यभराची नामांकनं नऊ, एमी शून्य. विनोदी काम सहज दिसलं की लोकांना ते सोपं वाटतं. आपल्याकडेही गंभीर भूमिकेला जास्त मान असतोच की.

लग्नं चार, तेवढं सांगून पुढे जा. मंडळात तिथेच वीस मिनिटं जातील.

---

कोर्टाच्या पायऱ्या, इंदूर

मालिकेनंतर काय, याचं माझ्या परीने उत्तर देतो. १९७४ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'अ केस ऑफ रेप' नावाचा टीव्ही-चित्रपट आला. त्यात ती एक साधी गृहिणी आहे. ओळखीतलाच माणूस अत्याचार करतो. पुढे पोलीस, दवाखाना, कोर्ट, प्रत्येक ठिकाणी तिलाच आरोपीसारखं उभं करतात. आणि शेवटी आरोपी सुटतो. लोकांची लाडकी समांथा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि बचाव पक्षाचा वकील तिचं चारित्र्य चिवडतोय, हे अमेरिकेतल्या घराघरांत बघितलं गेलं. त्या काळातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या टीव्ही-चित्रपटांत त्याची गणना होते.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं तेही मंडळात सांगा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर झालेल्या बलात्काराचं प्रकरण, म्हणजे मथुरा खटला, १९७२ चं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्युनिअर मुलींना मी हा खटला शिकवतो तेव्हा तो चित्रपटही बघायला सांगतो. उलटतपासणीचा प्रसंग बघताना माझीच मान खाली जाते. असे प्रश्न मी कोर्टात ऐकले आहेत, त्याच आवाजात, त्याच सभ्य भाषेत.

---

किल्ल्याखालचा, ग्वाल्हेर

सगळं मान्य, पण थोडं ताक घुसळतो. मोठ्या पडद्यावर काय केलं बाईंनी? १९५५ मध्ये गॅरी कूपरबरोबर 'द कोर्ट-मार्शल ऑफ बिली मिचेल', १९६३ मध्ये 'जॉनी कूल', आणखी एखाददुसरा. बाकी सगळं टीव्ही. तिची आई झालेली ॲग्नेस मूरहेड बघा, ऑस्करची चार नामांकनं. नटी म्हणून मूरहेड मोठी. हिचं नाव आज आहे ते गोड चेहऱ्यामुळे आणि पुनःप्रक्षेपणामुळे.

---

जुनी कॅसेट

किल्लेदार, मूरहेड मोठीच, त्यात वाद नाही. पण गोड चेहऱ्यावरच जगायचं असतं तर हिला रान मोकळं होतं. वाहिनीला मालिका पुढेही हवी होती, नकोशी झाली होती ती हिला. पुन्हा तसलीच एखादी गोड बाई करून निवांत राहता आलं असतं. तिने काय निवडलं? १९७५ मध्ये लिझी बोर्डन! मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावात १८९२ साली बाप आणि सावत्र आई कुऱ्हाडीने मारली गेली, संशय मुलीवर आला आणि कोर्टाने तिला निर्दोष सोडलं. चित्रपटात ती कुऱ्हाड माँटगोमेरीच्या हातात आहे. चेहरा तोच, डोळे तेच, आणि समांथाचा मागमूस नाही. गंमत म्हणजे लिझी तिच्या लांबच्या नात्यातली निघाली. तिच्या मृत्यूनंतर कोणीतरी वंशावळ काढली तेव्हा हे कळलं.

सत्तरीतला अमेरिकन टीव्ही-चित्रपट म्हणजे उतरती पायरी नव्हती. बलात्कार, खून, घरातली हिंसा, हे विषय तिथे जितक्या लोकांसमोर गेले तितके थिएटरात क्वचित गेले असते. तिने माध्यम ओळखलं होतं.

आणि वडिलांशी तुलना करा. रॉबर्ट माँटगोमेरी पक्के रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना टीव्हीवर कसं दिसावं-बोलावं ते शिकवणारे. मुलगी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात. पुढे पनामावरच्या अमेरिकी आक्रमणाचं पितळ उघडं पाडणाऱ्या 'द पनामा डिसेप्शन' या माहितीपटाला आवाज दिला तो हिने, आणि त्याला ऑस्कर मिळालं. जून १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या समलिंगींच्या मिरवणुकीत ती अग्रभागी होती, शेजारी दुसरा डॅरिन, डिक सार्जंट. त्याने नुकतंच स्वतःबद्दल जाहीर केलं होतं. एड्सच्या भीतीने लोक हात मिळवायला कचरत होते तो काळ हा.

१८ मे १९९५ ला आतड्याच्या कर्करोगाने गेली, ६२ व्या वर्षी. शेवटचा टीव्ही-चित्रपट त्याच महिन्यात लागला होता. म्हणजे आपल्याकडे सोनी सुरू झाली तेव्हा ती हयातच नव्हती.

---

विंगेतला माणूस, लोकमान्यनगर

अजून एक. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये २००५ साली समांथाचा पुतळा बसवलाय, चंद्रकोरीपुढे झाडूवर बसलेली. याच सेलमच्या खटल्यांत १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली होती. गावातल्या काहींनी पुतळ्याला विरोध केला तो त्यामुळेच, आणि मला तो पटतो. आपल्या झाबुआकडे डाकण ठरवून बायांना मारहाण होते अजून. तिथल्या चौकात असला गोड पुतळा आपण बसवू का?

---

राजेंद्रनगरची वहिनी, इंदूर

बाप रे! तुम्ही तर व्याख्यानमालेची सोय केलीत. सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला ओठाचं कळवलं, तिचं लगेच उत्तर, "आता सांगतेस?"

काल रात्री १९७० चा नाताळचा भाग शोधून बघितला, 'सिस्टर्स ॲट हार्ट'. लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलच्या मुलांनी लिहिलेला. वर्गात बहुतेक कृष्णवर्णीय मुलं. टॅबिथाला आणि तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला बहिणी व्हायचंय, म्हणून टॅबिथाच्या जादूने दोघींच्या अंगावर ठिपके येतात, गोरीवर काळे, काळीवर पांढरे. माँटगोमेरीने हा भाग आपला सर्वांत आवडता म्हटला होता म्हणे. शेवटाकडे गोऱ्या नटांना काळा रंग फासलाय ते आज खटकतं, ते मी स्वच्छ सांगणार. पण दाखवणार तोच. आमच्या मंडळात मुलगी बघताना रंग बघणाऱ्या कोण कोण आहेत ते मला चांगलं माहीत आहे.

लिझी बोर्डन दाखवायचं मनात होतं. पण कपड्यांवर रक्त उडू नये म्हणून लिझी अंगावरचं सगळं उतरवून कुऱ्हाड चालवते, असा त्यात तर्क आहे. आमच्या अध्यक्षबाईंना भोवळ येईल. त्याबद्दल तोंडीच सांगेन.

वकीलसाहेब, मथुरा खटल्यावर तुम्हीच येऊन दहा मिनिटं बोलाल का? पुरुषांना प्रवेश नसतो, पण पाहुणा वक्ता म्हणून चालतो. शनिवारी चार वाजता, नंतर कचोरी आहे. आणि लोकमान्यनगरवाले दादा, तुमच्याकडे प्रोजेक्टर आणि लांब वायर असेल तर कळवा. हॉलमधला एकच प्लग चालू आहे आणि तोही पंख्याच्या मागे.