डोक्यातील इसब लोशन थांबवले की पुन्हा उठते, मदत हवी आहे

हळदपेठ_सांगली :
माझ्या डोक्याच्या त्वचेवर इसब झाले आहे. लोशन लावले की खाज आणि खपल्या जातात, थांबवले की पहिल्यापेक्षा जोराने परत येतात. थंडी सुरू झाल्यापासून रात्री झोप लागत नाही. कृपया कायमचा उपाय सांगावा. डॉक्टरांना दाखवून झाले आहे, त्यामुळे तोच सल्ला पुन्हा नको.

मिरजकर :
लोशन कोणते, खपल्या कशा आहेत आणि केसांना आणखी काय लावता, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. तेलकट, पिवळसर खपल्या भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही असतील तर ते बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट भागांवरचा त्वचेचा दाह, असते. जाड, चंदेरी पापुद्रे कपाळावर उतरत असतील आणि कोपरांवर, गुडघ्यांवरही असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो.

कृष्णाकाठ :
शाम्पू बंद करावा. आमच्या घरी खोबरेल तेलात करंजाचे तेल मिसळून रात्रभर जिरवतात आणि सकाळी शिकेकाईने धुतात. वडिलांना त्याचा चांगला गुण आला.

मिरजकर :
मला हे मान्य नाही. सेबोऱ्हिक डर्मटायटिसशी मॅलॅसेझिया या बुरशीचा संबंध असतो. ही बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते, पण ती मेदाम्लांवर वाढते आणि खोबरेल तेलात तिला मानवणारी मेदाम्ले भरपूर असतात. खपल्या मऊ व्हाव्यात म्हणून धुण्याआधी अर्धा तास तेल लावणे ठीक आहे, रात्रभर मुळीच नको.

विट्याची_आई :
तान्ह्या बाळांच्या डोक्यावरची पिवळी खपली बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते. ती नखाने खरवडू नये.

हळदपेठ_सांगली :
प्रश्न बाळाचा नाही, माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. लोशन क्लोबेटासोलचे आहे, खपल्या तेलकट आहेत आणि भुवयांतही येतात. अडतीत दिवसभर हळदीची धूळ असते. केसांना काळी मेंदी लावतो.

मिरजकर :
क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड आहे. ते दाह दाबते, बुरशीला हात लावत नाही, आणि स्वतःच्या मनाने लांबवले तर त्वचा पातळ होते. केटोकोनाझोल 2 टक्के या बुरशीनाशक शाम्पूबद्दल डॉक्टरांना विचारावे. तो ओल्या डोक्याला लावून 3 ते 5 मिनिटे ठेवतात, आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे. त्यानंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवतात. हा विकार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो, म्हणून हे शेवटचे वापरणे सोडू नये. मेंदीची मात्र मला अधिक काळजी वाटते, कारण काळ्या मेंदीच्या पुष्कळ पुड्यांत पीपीडी हे रसायन असते आणि त्याची अ‍ॅलर्जी डोक्यापेक्षा कानांवर, मानेवर अधिक दिसते.

कृष्णाकाठ :
तेल अर्ध्या तासावर आणायला माझी हरकत नाही, परंतु बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा विचार कोणीच करत नाही, याचे वाईट वाटते.

हळदपेठ_सांगली :
मेंदी लावल्यावर कानांमागे लस येते. यासाठी वेगळी तपासणी असते का?

मिरजकर :
असते. पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावून 48 तास ठेवतात. मेंदी आजच बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना तिची पुडी सोबत न्या.