दुखणं कोण जास्त सोसतं, बाई की माणूस?

मानेवाडेकर
काल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरला. माणसाचं शरीर ४५ 'डेल' वेदना सहन करू शकतं, बाळंतपणात बाईला ५७ डेल होतात, म्हणजे एकाच वेळी वीस हाडं मोडल्यासारखं. त्याखाली चुलतभावाने लिहिलं, "मग आम्ही दिवसभर ५० किलोचे कट्टे उचलून राहिलो ते काय?" तिथून जी जुंपली ती रात्री बारापर्यंत.

माझं मत सरळ आहे. बायका जास्त सोसतात, आणि पुरुषांनी ते मान्य करावं. मार्चमध्ये आम्हाला मुलगी झाली. चौदा तास मी लेबर रूमच्या बाहेर होतो, आत सोडलं नाही. दार उघडलं की बायकोचा आवाज यायचा, बंद झालं की नुसती पंख्याची घरघर. नंतर वॉर्डात तिचा हात हातात घेतला तर तळव्यावर चार नखांचे अर्धगोल व्रण होते, रक्त साकळलेले. तिचीच नखं. कळ आली की मूठ आवळत होती म्हणे. मला गेल्या वर्षी दाढ काढताना दोनदा भूल द्यावी लागली होती.

आणि माझी आई. वय ६१. जेवण झालं की तिला उजव्या बरगडीखाली धरतं, कधी पाठीपर्यंत जातं. तीन वर्षं झाली. ओट्याला हात टेकून उभी राहते, डोळे मिटते, आणि थोड्या वेळाने परत पोळ्या लाटायला घेते. आजवर एक गोळी मागितली नाही. असा सोशिकपणा एखाद्या पुरुषात दाखवा मला.

नंदनवनची
मी बाई आहे आणि तुमच्याशी सहमत नाही.

आधी तो मेसेज. 'डेल' नावाचं एककच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी 'डोल' नावाचं एकक काढलं होतं. कपाळावर उष्णतेचा झोत टाकायचा आणि किती दुखलं ते मोजायचं. त्या मापाचं वरचं टोक साडेदहा होतं, मग ४५ आणि ५७ आले कुठून? १९४८ मध्ये हार्डी यांनीच एका सहकाऱ्यासोबत बाळंतपणाच्या कळाही मोजायला घेतल्या. दोन कळांच्या मधे बाईच्या हाताला चटका द्यायचा आणि विचारायचं, आत्ताची कळ मोठी की हा चटका. वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्या बायकांना त्या क्षणी काय हवं होतं आणि मिळालं काय!

दुसरं, मोजायलाच गेलात तर निकाल तुमच्या उलट लागतो. बर्फाच्या पाण्यात हात ठेवायला लावतात, तेव्हा सरासरी पुरुष जास्त वेळ ठेवतात. उष्णता, दाब, अशा बहुतेक प्रयोगांत बायकांना दुखणं साधारण लवकर जाणवतं. फरक सरासरीचा आहे, कितीतरी बायका कितीतरी पुरुषांपेक्षा जास्त वेळ टिकतात. पण 'निसर्गाने बाईला सोसायची ताकद जास्त दिली' याला आधार नाही. बाईला कमी दुखत नाही. तिला दुखतं आणि तरी ती उभी राहते, कारण बसायची सोय नसते.

मानेवाडेकर
बर्फाचं पाणी आणि लेबर रूम एकच का? पाण्यातून हात केव्हाही काढता येतो.

नंदनवनची
हे मान्य. म्हणूनच मॅक्गिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये चटके सोडून शब्दांवर आधारलेली प्रश्नावली केली. ठणकतं, भाजतं, पिळवटतं, काय होतं ते निवडायचं. त्यात पहिलटकरणींच्या कळा फार वर गेल्या, कंबरदुखीच्याही वर. पण सगळ्यांच्या नाही. काहींना सौम्य, काहींना असह्य. 'बाळंतपण म्हणजे अमुक इतकं दुखणं' असा एक आकडा निघतच नाही.

हमालाचा पोट्टा
ताई, तुमचं मोजमाप ठीक आहे, पण माह्या बाबाले कोनं मोजलं? २८ वर्षं नागपूरच्या कळमना बाजारात हमाली केली. मणक्याची गादी सरकली हाये. सकाळी चारले उठते तर पलंगावरून सरळ उठता येत नाही, आधी कुशीवर वळते, मग कोपर टेकवते, मग एक पाय खाली. मी रोज पाहतो. एकदा रात्री मोरीतला नळ लय वेळ चालू राहिला म्हणून उठलो तर बाबा नळ सोडून रडून राहिले होते. आवाज नको जायले म्हणून नळ.

बाळंतपण मोठं हाये, मी नाही म्हणत नाही. पण ते झालं की चार लोक लाडू घेऊन येतात. माणसाचं दुखणं कोनी इचारत नाही. दुखते म्हणून बसला तर त्या दिवशीची रोजी गेली. बायकाच जास्त सोसतात असं लिहिता तेव्हा मले वाईट वाटते.

नंदनवनची
भाऊ, तुम्ही लिहिलेलं वाचून मी थांबले. १९९१ च्या एका प्रयोगात दिसलं होतं की समोर मोजणारी बाई असली की पुरुष कमी दुखतं म्हणून सांगतात. दुखणं तेवढंच, सांगणं कमी. मी वर जे सरासरीचं लिहिलं त्यात हे सांगणं-न-सांगणं किती मिसळलेलं आहे ते वेगळं काढणं सोपं नाही. तुमचे बाबा त्या बर्फाच्या पाण्यात शेवटपर्यंत हात ठेवतील आणि त्यावरून त्यांना दुखत नाही असं कोणी लिहील.

दोन बाळंतपणं, एक खडा
नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं आणि मूतखडा झाला. आधी दोन बाळंतपणं झालेली, दोन्ही नॉर्मल. माझ्यापुरतं सांगते, खडा जास्त दुखला. कळ येते आणि जाते, मधे श्वास घ्यायला जागा असते, आणि शेवटी बाळ येणार हे माहीत असतं. खड्यात ना थांबा, ना शेवट माहीत.

लेबर रूमची सिस्टर
३१ वर्षं प्रसूती विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. खूप दिवसांनी काही लिहावंसं वाटलं.

'सोशिक' हा शब्द मी लेबर रूममध्ये इतक्यांदा ऐकला की आता नकोसा झाला आहे. पहिलटकरीण ओरडली की तिची आईच म्हणते, "ओरडू नको वं, लोक काय म्हणतील." शेजारच्या खाटेवरची गप्प पडलेली असली की सगळे तिचं कौतुक करतात, पोरगी सोशिक आहे. मी नवी असताना मीही करत असे. मग एका रात्री अशाच एका गप्प पोरीच्या कपाळावरचा घाम पुसताना लक्षात आलं की तिचे ओठ पांढरे पडले आहेत. चादर वर केली तर आतून रक्त जात होतं. तिला कळत होतं काहीतरी वेगळं होतंय, पण ओरडायचं नाही म्हणून ती बोललीच नाही. वाचली. त्या दिवसापासून मी गप्प बाईकडे आधी जाते, ओरडणारीकडे नंतर. ओरडणारी निदान सांगत असते.

एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात भूल वापरली, तेव्हा देवाने दिलेली वेदना काढू नये म्हणून विरोध झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं आणि मग ती गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडू लागली. आज पाठीत बारीक नळी घालून वेदना कमी करणारं औषध देतात, त्याला एपिड्युरल म्हणतात. त्याला भूलतज्ज्ञ हजर लागतो, बीपी पाहावं लागतं, आणि सगळीकडे ही सोय नसते. पण कितीतरी बायकांना असं काही असतं हे कळा सुरू होईपर्यंत कोणी सांगतच नाही. आणि सोबत! जवळ आपलं माणूस असलं की वेदनाशामकाची गरज कमी पडते, वेळही थोडा कमी लागतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीला सोबतीण असावी अशी केंद्राची सूचना २०१६ पासून आहे. मानेवाडेकर, तुम्ही चौदा तास बाहेर उभे राहिलात. पुढच्या वेळी आधीच विचारा, आत कोणाला राहू देता?

आपल्या विदर्भातलंच सांगते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. बाकीच्या सगळ्या 'सोशिक'.

आणि आता महत्त्वाचं. मानेवाडेकर, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली धरणं, पाठीत जाणं, तीन वर्षं. हे पित्ताशयातल्या खड्यांचं असू शकतं. याच आठवड्यात आईची सोनोग्राफी करा. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणं थांबेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मास्तर, सक्करदरा
सिस्टरताईंचा अनुभव मोठा आहे, पण सहनशक्तीला इतकी नावं ठेवू नयेत. माझी आजी पऱ्हाटी वेचता वेचता बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी परत शेतात होती. ती ताकद होती. आज डोकं दुखलं की गोळी, कळा सुरू व्हायच्या आधी सिझरची तारीख. दुखणं सहन करायची सवय गेली की माणूस प्रत्येक बाबतीत लेचापेचा होतो. सोसणं हा आपल्या बायकांचा मोठेपणा आहे, तो का नाकारायचा?

लेबर रूमची सिस्टर
मास्तर, तुमच्या आजीला माझा नमस्कार. पण तिसऱ्या दिवशी ती शेतात गेली ते ताकद होती म्हणून, की कापूस पडून होता म्हणून? अशा बायका मी साठीत पाहिल्या आहेत. अंग (गर्भाशय) बाहेर आलेलं, वर्षानुवर्षं कापडाची घडी लावून काम करणाऱ्या. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर ओझं घेतलं की हा त्रास वाढतो. त्या सुनेलाही सांगत नाहीत. त्याला मोठेपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. एपिड्युरलने सिझर वाढतात असं म्हणाल तर तसं अभ्यासांत दिसलेलं नाही, जोर करण्याचा टप्पा मात्र थोडा लांबू शकतो.

मास्तर, सक्करदरा
अंग बाहेर येण्याचं मला माहीत नव्हतं. आजीच्या ओट्यावर नेहमी एक धुतलेल्या कापडांची पिशवी असायची. बाकी माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, सवयीला किंमत आहेच. पण विचार करतो.

सिकलसेलवाला
मी आणि माझी बहीण, दोघांना सिकलसेल. आई-बाबा दोघंही वाहक, त्यामुळे प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता, मग तो मुलगा असो की मुलगी. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडं आतून कोणी पिळून राहिलं असं वाटतं. पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला की सुरू.

आम्हा दोघांचा क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका, एकदा एकाच आठवड्यात आला. एका दवाखान्यात मला म्हणाले, "मर्द होऊन रडतो?" दोन दिवसांनी तिथेच तिला म्हणाले, "बाईची जात आहे, थोडं सोसायला शिक." रोग तोच, दुखणंही तेच. इंजेक्शन दोघांनाही उशिरा मिळालं.

१ जुलै २०२३ ला सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंत हा रोग संपवायचं ठरलं आहे. तपासण्या होऊन राहिल्या, हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने क्रायसिसही कमी येतात. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत गेलो तर आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवा, हे अभियानात शिकवा. तुमचा वाद वाचून मला एवढंच म्हणायचं होतं.

नंदनवनची
सिकलसेलवाले भाऊ, तुमच्या बहिणीला जे ऐकावं लागलं ते तिकडे अमेरिकेतही होतं. फिलाडेल्फियात पोटदुखी घेऊन इमर्जन्सीत आलेल्यांचा अभ्यास २००८ मध्ये आला. वेदनाशामक मिळायला पुरुषांना साधारण ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. तेवढंच दुखत असून. 'बायका सोसतात' या कौतुकाची किंमत ती जास्तीची सोळा मिनिटं.

आणि शरीरातही फरक आहे. २०१५ मध्ये उंदरांवर दिसलं की दीर्घ वेदनेत नरांच्या मज्जारज्जूत एका प्रकारच्या पेशी काम करतात, माद्यांमध्ये दुसऱ्या. वेदनेचे प्रयोग मात्र वर्षानुवर्षं बहुतेक नर उंदरांवरच झाले. कोण शूर हे विचारण्यापेक्षा कोणाला कोणतं औषध लागू पडतं हे विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हमालाचा पोट्टा
मास्तर, नळ चालू ठेवून रडणं ताकद नाही जी. मी पाहिलं हाये.

मानेवाडेकर
पाच दिवसांनी लिहितो आहे. सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं आहे. डॉक्टरांनी आईला विचारलं, इतके दिवस का नाही आलात? ती म्हणाली, "मले वाटलं वयानं होत असन." मग माझ्याकडे पाहिलं. मी गेल्याच आठवड्यात तिच्यासमोर हा धागा मोठ्याने वाचून दाखवला होता, 'एक गोळी मागितली नाही' हे वाक्य तर दोनदा. ती खूश झाली होती.

दुर्बिणीतून ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. वरचं वाक्य मी खोडत नाही, राहू द्या. सिस्टर, तुमचे उपकार आहेत.

हमालाचा पोट्टा
सिस्टर, बाबाले सोमवारी दाखवायले नेतो म्हणतो. ते डॉक्टरसमोर काहीच बोलत नाहीत, 'बरं हाये' म्हणून उठतात. काय करू?

लेबर रूमची सिस्टर
केसपेपर सकाळी लवकर काढा, जुना एक्स-रे असेल तर सोबत ठेवा. आत गेल्यावर तुम्ही त्यांच्या वतीने बोलू नका. कुशीवर वळून, कोपर टेकवून कसे उठतात ते त्यांना तिथल्या टेबलावर करून दाखवायला सांगा. पायात मुंग्या येतात का, पाय लुळा वाटतो का, लघवी अडते का, हे आदल्या रात्रीच विचारून कागदावर लिहून न्या. लघवी अडत असेल किंवा पायातली ताकद गेली असेल तर सोमवारची वाट पाहू नका. आणि ते 'बरं हाये' म्हणाले तर नळाचं तुम्ही सांगा.