डोंगर नाही म्हणून ट्रेक अडत नाही

एका दादानं विचारलंय की आमच्या वऱ्हाडात सगळं सपाट, मग कळसूबाईची तयारी करावी तरी कुठे. अहो राजेहो, १६४६ मीटरचं शिखर आहे, पण तिथं दम लागतो तो चढताना, अन् पाय जातात ते उतरताना! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी संडासात बसता येत नाही. त्याच्यासाठी डोंगर कायले पाहिजे, गावातल्या पाण्याच्या टाकीचा किंवा शाळेचा जिना विचारून घ्या अन् पाठीवर चार-पाच किलो तुरीची डाळ घेऊन हळूहळू उतरा, चढायची घाई नाही. बाकी सकाळी शेताच्या धुऱ्या-धुऱ्यानं (बांधाबांधानं) चालायचं, काळ्या मातीत ढेकळांवरून घोटे चांगले पक्के होतात, जिमवाल्यांना हे जमत नाही (माझं मत, भांडू नका).

अकोटकडचे असाल तर नरनाळा किल्ला आहेच नं! महाकाली दरवाज्याचं कोरीव काम पाहून घ्या, पण तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, परवानगी अन् वेळ वनविभागाला विचारूनच जा, मनानं घुसू नका.

बूट नवे घेतले तर महिनाभर वावरात वापरा, अन् संध्याकाळी घ्या विकत, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो. बोटापुढं जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी कापा. एप्रिल-मेमध्ये मात्र सरावबिराव उन्हं चढायच्या आत संपवा.